आठवण मनातली आणि हजेरीपटावरची



जुलै महिना आला की माझ्याकडे दोन प्रकारचे प्रश्न येतात. पहिले चातुर्मासाचे. यंदा हिरव्या भाजीची मर्यादा कशी धरायची, नोकरीवरून उशिरा येणाऱ्या सुनेनं चौविहार कसा सांभाळायचा, वगैरे. दुसरे प्रश्न गेल्या काही वर्षांत वाढले आहेत आणि ते २६ जुलैचे असतात. सोसायटीत कारगिल विजय दिवसाचा कार्यक्रम ठरतो. संध्याकाळी सात वाजता खाली जमायचं, मेणबत्त्या लावायच्या, दोन मिनिटं मौन, मग भाषणं आणि घोषणा. निरोपाच्या शेवटी एक ओळ हमखास असते, ‘सर्वांची उपस्थिती अनिवार्य.’

मग एक मैत्रीण विचारते, ताई, नेमकी तीच आपली प्रतिक्रमणाची वेळ, नाही गेलं तर लोक काय म्हणतील? दुसरी विचारते, मेणबत्ती हातात धरली तर तेउकायाचा दोष लागेल ना? आणि तिसरी जरा तोऱ्यात म्हणते, आपण अहिंसा मानणारे, युद्धाच्या कार्यक्रमाशी आपला संबंधच काय?

पहिल्या दोघींची बाजू मी घेणार आहे. तिसरीशी मात्र मला थोडं भांडायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. लढाईत गेलेल्यांची आठवण ठेवणं हे आपल्यावरचं ऋण आहे आणि त्यातून जैन म्हणून कुणाची सुटका नाही. पण ती आठवण कशी ठेवायची, कुठे उभं राहून ठेवायची, हे दुसऱ्यानं ठरवून त्याची हजेरी घेऊ नये.

तिसरीपासूनच सुरुवात करते. मी नगरची. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय.) आमचं गाव आचार्य आनंदऋषीजींचं, आणि तेच गाव रणगाड्यांचंही. लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर आणि स्कूल इथं आहे, रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. आनंदधामला दर्शनाला येणारे पाहुणे दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन रणगाडे बघायला जातात. त्यामुळे इथल्या बायकांना फौजी कुटुंबं लांबून बघायची गोष्ट वाटत नाहीत. ज्यांचे नवरे सीमेवर आहेत अशा बायका आपल्याबरोबरच भाजी घेतात, आपल्याच मुलांच्या वर्गात त्यांची मुलं असतात.

१९९९ च्या मे ते जुलैमध्ये कारगिलच्या डोंगरांवर आपले ५२७ जवान गेले. त्या महिन्यांत आपण काय करत होतो? माझ्यासारख्या अनेकींच्या घरी लोणच्याच्या कैऱ्या फोडल्या जात होत्या, स्थानकात चातुर्मासाची तयारी सुरू होती. साधू-साध्वीजींचे विहार नेहमीसारखे सुरू होते, कुणाला रस्त्यात अडवलं गेलं नाही. हे सगळं निर्विघ्न चालू राहतं ते आपल्या पुण्याईनं, असं आपण म्हणतो. त्यात कुणाच्या तरी मुलाचा वाटा आहे, हे म्हणायचं राहून जातं. आपल्या समाजातून सैन्यात जाणारे थोडे. म्हणजे राखण दुसऱ्यांच्या मुलांनी करायची आणि आपण त्यांच्या मरणाला ‘हिंसेचा विषय’ म्हणून हात झटकायचे, ही अहिंसा नव्हे. याला साध्या मराठीत कृतघ्नपणा म्हणतात.

शिवाय आपला धर्मही असं सांगत नाही. श्रावकाचं पहिलं अणुव्रत हे साधूंच्या महाव्रतासारखं नाही. श्रावक निरपराध त्रस जीवाला संकल्पानं मारण्याचा त्याग करतो. आक्रमण करणाऱ्याला रोखताना होणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनी जाणलं होतं. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती उभी करणारा चावुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता. त्याला कुणी जैन म्हणून कमी लेखलं नाही.

आणि आपल्या आगमात तर एका सैनिकाची सविस्तर गोष्ट आहे. भगवतीसूत्राच्या सातव्या शतकात ती येते. व्याख्यानात ही फार वेळा ऐकायला मिळत नाही, म्हणून थोडक्यात सांगते.

मगधाचा राजा कोणिक आणि वैशालीचे चेटक महाराज, म्हणजे नातू आणि त्याच्या आईकडचे आजोबा. दोघांत युद्ध पेटलं. कारण काय, तर एक हार आणि एक सेचनक हत्ती. कोणिकाच्या भावांकडे हे दोन्ही होतं आणि कोणिकाच्या राणीला ते हवं होतं. भाऊ ते घेऊन आजोबांच्या आश्रयाला गेले. (घरातल्या वाटणीवरून केवढं रामायण होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) त्या संग्रामांत माणसं लाखांनी मेली असं सूत्र सांगतं.

वैशालीत वरुण नावाचा श्रमणोपासक राहत होता. बेला-बेला तप करणारा, म्हणजे दोन-दोन उपवासांची तपस्या अखंड चालू असलेला. त्याला युद्धावर जाण्याचा हुकूम झाला. त्यानं बेल्याचा तेला केला आणि रथावर चढला. जाताना अभिग्रह घेतला, जो माझ्यावर आधी वार करेल त्याच्यावरच मी वार करीन. समोरचा योद्धा म्हणाला, मार. वरुण म्हणाला, तू आधी. समोरच्याचा बाण लागला, मगच त्यानं धनुष्य ओढलं. नंतर जखमी अवस्थेत तो रणातून बाजूला झाला, एकांतात गेला, घोडे सोडून दिले, गवताच्या आसनावर बसून अरिहंतांना आणि भगवान महावीरांना वंदन केलं, सर्व पापांची आलोचना केली, अंगातला बाण काढला आणि समाधीनं देह ठेवला. देवांनी तिथे सुगंधी जल आणि फुलांचा वर्षाव केला.

पुढचं जास्त महत्त्वाचं. तो वर्षाव बघून लोक बोलू लागले की युद्धात मरणारे सगळे स्वर्गात जातात. गौतमस्वामींनी भगवंतांना विचारलं, हे खरं का? भगवंत म्हणाले, हे खोटं आहे. आणि मग त्यांनी वरुणाची गोष्ट सांगितली. वरुण देवलोकात गेला तो युद्धात मेला म्हणून नव्हे, शेवटच्या घडीच्या त्याच्या भावांमुळे.

या गोष्टीत मला दोन्ही टोकांना उत्तर सापडतं. ‘आपला काय संबंध’ म्हणणाऱ्यांना ती सांगते की एका सैनिकाचं नाव, त्याचं व्रत, त्याचं मरण भगवंतांनी स्वतः आठवून सांगितलं, आणि आगमानं ते जपून ठेवलं. आणि माईकवरून मरणाचा जयजयकार करणाऱ्यांना ती सांगते की युद्धातलं मरण आपोआप पवित्र होत नाही. मेलेल्या माणसाचा आदर करा, मारामारीचा उत्सव करू नका. हे दोन्ही एकदम धरता येतं. आपली परंपरा अडीच हजार वर्षं तेच करत आली आहे.

आता हजेरीच्या मुद्द्याकडे येते.

वरुण युद्धाला गेला तो हुकुमामुळे. आपल्या व्रतांमध्ये सहा आगार सांगितले आहेत, हे तुम्ही बारा व्रतं समजून घेताना ऐकलं असेल. राजाचा आदेश, गणाचा आदेश, बळजबरी, देवाचा उपसर्ग, वडीलधाऱ्यांचा आग्रह, आणि जगण्याचाच प्रश्न येणं. या सहा कारणांनी काही करावं लागलं तर व्रत भंगत नाही, कारण ते करण्यात तुमचा भाव नव्हता. किती बारीक विचार आहे बघा. दडपणाखाली घडलेली कृती तुमची धरत नाहीत.

हाच नियम उलटा लावून पाहा. दडपणाखाली केलेलं पाप जर पूर्णपणे माझं नसेल, तर दडपणाखाली केलेलं स्मरण तरी माझं कसं? सेक्रेटरी यादी करतील म्हणून मी खाली गेले, शेजारणीनं विचारलं असतं म्हणून मेणबत्ती धरली, मनात मात्र दूध उतू जाईल याची काळजी. हे त्या जवानाच्या खात्यावर कुठे जमा होणार?

आपल्याकडे पच्चक्खाण कसं घेतात आठवा. म.सा. कुणाच्या अंगावर पच्चक्खाण टाकत नाहीत. घेणाऱ्यानं हात जोडून उभं राहायचं आणि स्वतः मागायचं. घरात आठ-नऊ वर्षांचं लेकरू पर्युषणात उपवास करतो म्हणालं, तर आपण आधी विचारतो, तुझे भाव आहेत ना रे? दुपारी त्याचं तोंड सुकलं तर आपणच म्हणतो, पाळून घे, पुढच्या वर्षी कर. पोटच्या मुलाला धर्माच्या बाबतीत एवढी मोकळीक देणाऱ्या आपण. मग सोसायटीतल्या शेजाऱ्याला देशप्रेमाच्या बाबतीत ती का देऊ नये?

दोन मिनिटांचं मौन म्हटलं की मला तर काउसग्गच आठवतो. स्थिर उभं राहायचं, शरीराचा मोह सोडायचा, मन एका ठिकाणी ठेवायचं. पण काउसग्गाच्या आधी आपण जो पाठ म्हणतो त्यात काय आहे? श्वास आला, खोकला आला, शिंक आली, जांभई आली, चक्कर आली तर काउसग्ग भंगला असं समजू नये, अशी सवलत. तीर्थंकरांच्या शासनात खोकल्यालाही जागा आहे. आणि आमच्या एका ओळखीच्या सोसायटीत, बाळ रडायला लागलं म्हणून मौनाच्या मधून उठून गेलेल्या सुनेचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फिरत होता. ती बिचारी आठ दिवस लिफ्टमध्ये कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. जवानांचा मान यात कुठे राखला गेला?

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. दोन मिनिटांच्या मौनाची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती ब्रिटनमध्ये, ११ नोव्हेंबर १९१९ रोजी सकाळी अकरा वाजता. पहिलं महायुद्ध थांबून एक वर्ष झालं होतं. घरटी कुणी ना कुणी गेलेलं. रस्त्यावरची वाहनं थांबली, माणसं जिथल्या तिथे उभी राहिली. ते मौन दुःखातून आलेलं होतं. पुढे १९२१ पासून तिथे कोटावर लाल पॉपीचं फूल लावायची चाल पडली, त्याच्या पैशातून माजी सैनिकांना मदत व्हायची. चांगलीच गोष्ट.

पण १९३३ साली तिथल्याच को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्ड या बायकांच्या संघटनेनं पांढऱ्या पॉपी काढल्या. युद्धात ज्यांनी नवरे, मुलगे, भाऊ गमावले अशा बायका त्यात होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, आम्हाला आठवण ठेवायची आहे, पण पुन्हा युद्ध नको हेही त्याच फुलातून सांगायचं आहे. तेव्हापासून आजपर्यंत पांढरं फूल लावणाऱ्यांवर टीका होते. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनीच दुःख कसं दाखवायचं याचे नियम बाकीच्यांनी ठरवायचे, हे मला फार विचित्र वाटतं.

आज तर तिथे नोव्हेंबरमध्ये टीव्हीवर दिसणाऱ्या माणसाच्या कोटावर फूल नसलं की चर्चा होते. जेम्स मॅक्लीन नावाचा फुटबॉलपटू २०१२ पासून पॉपी लावलेला शर्ट घालायला नकार देतो. तो उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावचा. तिथे ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी नागरिकांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या आणि माणसं मारली. त्यानं स्पष्ट केलं होतं की फूल फक्त महायुद्धांतल्या मृतांसाठी असतं तर मी आनंदानं लावलं असतं, पण ते नंतरच्या सगळ्या लढायांसाठीही आहे, आणि माझ्या गावात काय घडलं ते मी विसरू शकत नाही. त्याला मैदानावर वर्षानुवर्षं शिव्या खाव्या लागल्या. म्हणजे जे फूल दुःखाची खूण होतं ते कोण आपला आणि कोण परका याची परीक्षा झालं. परीक्षा आली की लोक पास व्हायचं बघतात, आठवण बाजूलाच राहते.

आपल्या देशात यावर सर्वोच्च न्यायालयानं फार सुंदर निवाडा दिलेला आहे. १९८५ मध्ये केरळात तीन भावंडांना शाळेतून काढलं, कारण ती राष्ट्रगीत म्हणत नव्हती. त्यांच्या पंथात देवाच्या प्रार्थनेशिवाय दुसऱ्या कुठल्या विधीत सहभागी व्हायचं नसतं. पण राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहत होती. १९८६ मध्ये न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. उभं राहण्यात आदर आलाच, म्हणायची सक्ती नको. चित्रपटगृहांतही २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रगीत वाजवणं सक्तीचं झालं होतं, २०१८ च्या जानेवारीत न्यायालयानंच ती सक्ती काढून घेतली.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही नीट ऐकायला हवं. लोक म्हणतात, सक्ती नाही केली तर कुणी येणारच नाही. खुर्च्या रिकाम्या राहतील, आणि बोलावलेल्या शहीद कुटुंबाला काय वाटेल? मुलं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत, त्यांना कधी कळणार? यात तथ्य आहे. काही गोष्टी एकत्र केल्या तरच त्यांना वजन येतं. संवत्सरीचं प्रतिक्रमण घरी एकटीनं केलं तरी चालतं, पण स्थानकात शेकडो जणींबरोबर बसून केलं की मन वेगळंच हलतं. मुलांना आधी सवय लागते, भाव नंतर येतो, हेही खरं. नवकार त्यांना अर्थ कळायच्या आधीच पाठ करून घेतो ना आपण?

म्हणून मी असं म्हणत नाही की शाळेनं कार्यक्रम करू नये किंवा सोसायटीनं निरोप पाठवू नये. करावा, मनापासून बोलवावं. ‘अनिवार्य’ऐवजी ‘अवश्य या’ लिहावं. दोन शब्दांमध्ये अक्षरं जवळजवळ तेवढीच आहेत.

अपेक्षा कुठवर ठेवायची याचा माझा हिशेब असा. कुणी मौन पाळत असताना मोठ्यानं गाणी लावू नयेत, थट्टा करू नये, ही अपेक्षा सगळ्यांकडून ठेवावी. तिथे हजर असाल तर शांत उभं राहावं, हीही ठेवावी. पण यायलाच हवं, मेणबत्ती धरायलाच हवी, घोषणा द्यायलाच हवी, स्टेटस ठेवायलाच हवं, ही अपेक्षा कुणाकडूनही ठेवू नये. आणि न आलेल्याला कारण विचारू नये. कुणाच्या घरात काय चाललंय आपल्याला ठाऊक नसतं.

इथे एक गोष्ट आपल्याच घरची सांगायला हवी, नाहीतर ते एकतर्फी होईल. पर्युषणात कत्तलखाने आणि मांसविक्री बंद राहावी म्हणून आपला समाज दर वर्षी निवेदनं देतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादेतली पर्युषणाच्या नऊ दिवसांची कत्तलखाना बंदी योग्य ठरवली तेव्हा आपण समाधान मानलं. २०१५ मध्ये मुंबईत मांसविक्रीच्या बंदीवरून केवढं वादळ उठलं तेही आपण पाहिलं. जीव वाचावेत ही माझीही मनापासूनची इच्छा आहे, त्यात बदल नाही. पण २६ जुलैला ‘आमच्यावर सक्ती नको’ म्हणायचं आणि भाद्रपदात दुसऱ्यांवरच्या सक्तीत आनंद मानायचा, हे एका तराजूत बसत नाही. आपल्या दिवसांचा मान इतरांनी ठेवावा म्हणून हात जोडून विनंती करावी, समजावून सांगावं. ज्याला पटेल तो एक दिवस सोडेल, आणि त्यानं मनानं सोडलेला तो एक दिवस बंदीच्या नऊ दिवसांपेक्षा मोठा. या वाक्यावर काही जणी माझ्यावर रागावणार, हे माहीत असून लिहिते आहे.

या सगळ्या अपेक्षांचं ओझं सर्वांत जास्त कुणावर पडतं माहीत आहे? वीरपत्नीवर.

आमच्या ओळखीत अशा एक भगिनी आहेत. दर वर्षी जुलै आणि ऑगस्टमध्ये त्यांना तीन-चार ठिकाणांहून बोलावणं येतं. स्टेजवर बसवतात, शाल, श्रीफळ, साडी देतात. निवेदक त्यांच्या नवऱ्याचा शेवटचा दिवस रंगवून सांगतो, कुठे गोळी लागली, काय अवस्था होती. त्या खाली मान घालून बसतात. एकदा मला म्हणाल्या, “वहिनी, मला त्यांचं जगणं आठवायला आवडतं, ह्यांना मरणच ऐकायचं असतं. पण नाही म्हटलं तर म्हणतील, हिलाच आठवण नाही.” एवढी वर्षं झाली, एकाही आयोजकानं त्यांना विचारलं नाही की ताई, तुम्हाला यावंसं वाटतंय का? स्मरणाच्या कार्यक्रमाला न जाण्याचा अधिकार कुणाला असेल तर सर्वांत आधी त्यांना असायला हवा.

आणि मैत्रिणींनो, ज्या बाईला आपण स्टेजवर वाकून नमस्कार करतो, तिलाच संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावतो का? घरच्या लग्नात सुवासिनींच्या रांगेत तिला जागा असते का? वधूची ओटी तिच्या हातानं भरवतो का? मनावर हात ठेवून उत्तर द्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं हे आमच्या गावात बंद. त्या गावानं मेणबत्ती न लावता केवढी मोठी मानवंदना दिली बघा. वीरपत्नीला वर्षातून एकदा शाल देण्यापेक्षा वर्षभर बाकीच्या बायकांसारखं वागवणं मला तरी जास्त मोलाचं वाटतं.

आता आपण काय करायचं? पहिल्या दोघींच्या प्रश्नांची उत्तरंही यातच आहेत.

प्रतिक्रमणाची वेळ असेल तर निर्धास्तपणे प्रतिक्रमण करा. त्या दिवशी एक जास्तीची सामायिक करून त्या ५२७ कुटुंबांसाठी शांती चिंता. अठ्ठेचाळीस मिनिटं दोन मिनिटांपेक्षा कमी नाहीत. शक्य असेल तर कार्यक्रम करणाऱ्यांना आधीच सांगा की साडेपाचला ठेवलात तर आम्ही सगळ्या येऊ. बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून बदललेलं नसतं.

मेणबत्तीचं म्हणाल, तर हात जोडून उभ्या राहा, मेणबत्ती न घेता. कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगा, आम्ही अग्निकायाची जयणा पाळतो, पण मौनाला उभ्या आहोत. लोक समजून घेतात. न सांगता मागे लपलं की गैरसमज होतो.

घोषणांच्या बाबतीत, ज्या घोषणेत कुणाच्या मरणाची इच्छा आहे तिथे गप्प राहा. यानं देशप्रेम कमी होत नाही. हे आपल्या सैन्यानंच दाखवून दिलं आहे. कारगिलमध्ये पाकिस्ताननं ज्यांचे मृतदेह स्वीकारले नाहीत त्या सैनिकांना आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माच्या रिवाजानं दफन केलं. टायगर हिलच्या लढाईत पडलेल्या पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खानचा मृतदेह परत देताना आपले ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याच्या शौर्याबद्दलची चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवली, आणि पुढे त्याच्या देशानं त्याला सर्वोच्च पदक दिलं. (‘कर्नल’ हे त्याच्या नावातलंच, हुद्दा कॅप्टनचा.) प्रत्यक्ष लढलेल्यांच्या मनात एवढी जागा असेल, तर सोसायटीच्या अंगणात उभ्या असलेल्या आपल्याला शत्रूला शिव्या द्यायची काय गरज? सर्व जीवांना खमावणाऱ्या आपण. त्या दोन मिनिटांत पलीकडच्या आयांनाही आठवलं तर काही बिघडत नाही.

आणि ज्यानं खरोखर कुणाचं तरी काम होईल असं काहीतरी करा. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वज दिन, १९४९ पासून पाळला जातो. त्याचा निधी माजी सैनिक आणि शहीद कुटुंबांसाठी वापरतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तो भरता येतो. आपल्या महिला मंडळानं वर्षाच्या पुण्यतिथ्यांच्या दानातला एक भाग तिकडे वळवला तर? आपल्या समाजाची वसतिगृहं आहेत, दवाखाने आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. त्यात शहिदांच्या मुलांसाठी दोन जागा राखून ठेवता येतील का, हा विषय पुढच्या बैठकीत कुणीतरी काढा. पेन्शनची कागदं, मुलांच्या प्रवेशाचे अर्ज, बँकेत बरोबर जाणं, यातही मदत लागते. ही मदत करणाऱ्या बाईचं नाव २६ जुलैच्या हजेरीपटावर नसेल. तिनं काय आठवणीत ठेवलं ते त्या घराला माहीत असेल, तेवढं पुरे.

ज्यांना कार्यक्रमाला जावंसं वाटतं त्यांनी जरूर जा, नातवंडांना घेऊन जा. जाणाऱ्यांनी न जाणाऱ्यांना मोजू नये आणि न जाणाऱ्यांनी जाणाऱ्यांना ‘दिखावा करतात’ म्हणू नये. भाव कुणाचा खरा हे केवळी भगवंत जाणतात, ते काम आपल्याकडे सोपवलेलं नाही.

तुमचं मत वेगळं असेल तर नक्की कळवा, विशेषतः ज्यांच्या माहेरी किंवा सासरी कुणी सैन्यात आहे अशा मैत्रिणींनी. या विषयावर आमच्यापेक्षा तुमचा शब्द मोठा. लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छा मि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.